देवालयाचा आराखडा : भिंती, दारे आणि वाटा

देवालयाचा इतिहास लिहावयाचा म्हटले म्हणजे आपण बहुधा तीन गोष्टींचा शोध घेतो. देवाची स्थापना कोणी केली, वास्तू कोणी बांधिली, आणि नित्यनैमित्तिकासाठी उत्पन्न कोणी लावून दिले. या तीन प्रश्नांची उत्तरे शिलालेखांत, सनदांत व जुन्या दप्तरांत सापडतात, आणि ती सापडली की इतिहास पुरा झाला असे समजण्याचा प्रघात आहे. परंतु भाविक देवालयात येतो तेव्हा त्याच्या अनुभवास या तिहींपैकी एकही गोष्ट प्रथम येत नाही. प्रथम येते ती जागा. महाद्वारातून आत पाऊल पडते, उन्हातून सावलीत येणे होते, मंडपात क्षणभर थबकावे लागते, पुढे मान लववून उंबरठा ओलांडावा लागतो, आणि मग दिव्याच्या उजेडात मूर्ती दिसते. ही जागा कोणी, कशी घडविली आणि एक जागा दुसरीला कशी जोडली, हा देवालयाच्या इतिहासाचा चौथा प्रश्न होय. त्याचे उत्तर आराखड्यात असते.

आपल्या राजेश्वर परिसरात हा प्रश्न विचारणे विशेष उचित आहे. पुणे-हैदराबाद महामार्गावरील हे गाव बसवकल्याण तालुक्यात मोडते, आणि बसवकल्याण म्हणजे उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी कल्याण. पहिल्या सोमेश्वराने अकराव्या शतकात येथे राजधानी आणिली. सहाव्या विक्रमादित्याने १०७६ पासून ११२६ पर्यंत येथून राज्य केले. या पन्नास वर्षांत आणि त्यांच्या आगेमागे कृष्णा-गोदावरींच्या दरम्यान देवालयांची जी बांधणी झाली, तिची चिन्हे आपल्या भोवताली आजही उभी आहेत. नारायणपूरचे शिवालय आणि जलसंगवीचे देवालय ही त्यांतली दोन ठळक नावे. जलसंगवीच्या भिंतीवर एक शिल्पसुंदरी हाती लेखणी घेऊन विक्रमादित्याची संस्कृत प्रशस्ती कोरीत आहे, हे पुष्कळांनी पाहिले असेल. तिच्या अक्षरांचे वाचन विद्वानांनी केले. ती ज्या भिंतीवर उभी आहे त्या भिंतीचे वाचन कसे करावे, ते या लेखात पाहावयाचे आहे.

घरापासून आरंभ

आराखडा म्हटले की अभियंत्याचा निळा कागद डोळ्यांपुढे येतो आणि सामान्य वाचक बिचकतो. म्हणून आरंभ आपल्या परिचयाच्या वास्तूपासून, म्हणजे वाड्यापासून करू.

कागदावर वाड्यातील प्रत्येक जागेसाठी एक ठिपका द्यावा. दोन जागांमध्ये दार असेल, तर त्या दोन ठिपक्यांना रेषेने जोडावे. भिंतीची जाडी, खोलीची लांबीरुंदी, सर्व तूर्त विसरावे. मग रस्त्यावरचा ठिपका सर्वांत खाली मांडून, तेथून कोणत्या जागी पोहोचण्यास किती दारे ओलांडावी लागतात त्या क्रमाने बाकीचे ठिपके वर चढवीत न्यावेत. रस्ता शून्यावर, देवडी पहिल्या पायरीवर, चौक दुसऱ्या, सोपा तिसऱ्या, माजघर चौथ्या, आणि देवघर व स्वयंपाकघर पाचव्या पायरीवर, अशी आकृती तयार होते. पाहुणा कितव्या पायरीपर्यंत येई, सावकार कितव्या, आणि सोयरा कितव्या, हे ज्याच्या त्याच्या स्मरणात आहे. घराण्याची सारी रीतभात या एका आकृतीत उतरते.

आता त्याच कागदावर परसदार दाखवावे. मागची गल्ली, परस आणि स्वयंपाकघर अशी दुसरी वाट निघते. पुढून पाचव्या पायरीवर असणारे स्वयंपाकघर मागून दुसऱ्याच पायरीवर येते. पाहुण्याच्या दृष्टीने जे घर लांब सरळ रेषेसारखे होते, ते घरातील स्त्रियांच्या दृष्टीने वर्तुळ ठरते. वाडा एकच, भिंती त्याच. परंतु कोणत्या दाराने कोणास येता येते यावरून एकाच वास्तूचे दोन नकाशे होतात. ही गोष्ट शब्दांत सांगावयास पानभर मजकूर लागतो. आकृतीत ती एका रेषेने कळते.

ठिपके आणि रेषा यांनी वाटांचा विचार करण्याची ही पद्धती गणितात ऑयलर या पंडिताने १७३६ साली क्योनिग्सबर्ग नगरातील सात पुलांचे कोडे सोडविताना रूढ केली. तिचा वास्तुविचारात शिस्तशीर उपयोग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील बिल हिलियर आणि ज्युलियन हॅन्सन यांनी केला. ‘द सोशल लॉजिक ऑफ स्पेस’ हा त्यांचा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे की, घर, गाव वा देऊळ यांच्या जागांची परस्परांशी असलेली जोडणी हा त्या समाजाच्या संबंधांचाच आलेख असतो. आपल्या वाड्याच्या उदाहरणाने ते प्रतिपादन पटण्यास अडचण पडू नये.

जागा निर्माण कशी होते

जोडणीचा विचार करण्यापूर्वी जागा निर्माण कशी होते, ते पाहिले पाहिजे. मोकळ्या माळावर जागा अमाप असते, परंतु तिला गाभारा म्हणत नाहीत. मर्यादा घातली की जागा निर्माण होते.

आपल्या वास्तुशास्त्रात ही मर्यादा चौरसांच्या मंडलाने घातली जाते. वास्तुपुरुषमंडल ते हेच. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत देवालयासाठी ६४ पदांचे मंडल सांगितले आहे. एका चौरसाच्या प्रत्येक बाजूचे आठ समान भाग करून ही ६४ घरे होतात, आणि मधल्या चार घरांवर ब्रह्मदेवाचे स्थान असते. वराहमिहिराचा दुसरा नियम असा की गर्भगृहाची रुंदी वास्तूच्या एकूण रुंदीच्या निम्मी असावी. हे दोन नियम एकत्र घेऊन कागदावर रेखाटन करावे. आठ भाग रुंदीच्या चौरसात चार भाग रुंदीचा गाभारा काढला, तर गाभाऱ्याच्या वाट्याला १६ घरे येतात आणि भिंतीच्या वाट्याला ४८. म्हणजे वास्तूच्या तळाचा तीन चतुर्थांश भाग भरीव आणि केवळ एक चतुर्थांश पोकळ. गाभाऱ्यात शिरताच जी निःशब्द गंभीरता जाणवते, बाहेरचा उन्हाळा आत पोहोचत नाही, घंटेचा नाद रेंगाळतो, त्याचे एक कारण या हिशोबात आहे. शिल्पकाराने पोकळी कोरली आहे ती भरीवपणाच्या बळावर.

चालुक्यकालीन स्थपतींनी या मूळ चौरसापासून आश्चर्यकारक आकृती सिद्ध केल्या. गदग जिल्ह्यातील डंबळ येथील दोड्डबसप्पा देवालय हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचा बाह्य तलविन्यास २४ कोनांच्या तारकेचा आहे. ही तारका कशी निघते हे कोणाही विद्यार्थ्यास करून पाहता येईल. एक चौरस काढावा. त्याच्या मध्यबिंदूवर टाचणी रोवून तो १५ अंशांनी फिरवावा आणि पुन्हा गिरवावा. असे करीत सहा चौरस एकमेकांवर आले की बाहेरच्या बाजूस २४ कोन दिसू लागतात. दोरी, खुंटी आणि काटकोन एवढ्या साधनांवर हे काम होते. आतला गाभारा मात्र चौरसच ठेवला आहे. प्रदक्षिणा करणारा माणूस चालता असतो. त्याच्या डोळ्यांपुढून उन्हासावलीचे कोन एकामागून एक सरकतात. दर्शनास उभा राहिलेला माणूस स्थिर असतो. त्याच्याभोवती स्थिर चौरस असतो. दोन प्रकारच्या उपासकांसाठी एकाच भिंतीला दोन बाजू दिल्या आहेत, हे आकृती काढल्यावाचून ध्यानात येणे कठीण.

हे स्थपती आराखडे काढीत काय, अशी शंका कोणी घेईल. मध्य प्रदेशात भोजपूर येथे, भोजराजाच्या काळातील अपूर्ण राहिलेल्या भव्य शिवालयाच्या परिसरात, खडकांच्या पृष्ठभागावर देवालयाच्या भागांची रेखाटने कोरलेली आजही दिसतात. तलविन्यास, स्तंभ, शिखराचे भाग असे त्यांचे विषय आहेत. समरांगणसूत्रधार हा वास्तुग्रंथ भोजाच्याच नावावर आहे. इंग्रज संशोधक अॅडम हार्डी यांनी या रेखाटनांचा त्या ग्रंथाशी ताळा घातला, आणि त्यापूर्वी, १९९५ साली, कर्नाटकातील द्राविड परंपरेच्या देवालयांचे विश्लेषण प्रसिद्ध करताना एकातून दुसरे लहान देऊळ कसे उमलत जाते हे आकृतींनी दाखविले. आमच्या कल्याणातही शास्त्राची वाण नव्हती. तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ साली रचलेल्या मानसोल्लासात राजभोगांच्या अनेक विषयांबरोबर वास्तू व चित्र हे विषय आहेत. दगड घडविणारा हात आणि शास्त्र सांगणारी लेखणी या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे जमिनीवर वा खडकावर काढलेली रेषा होय.

जागा जोडली कशी जाते

आता ठिपके आणि रेषा यांची पद्धती देवालयास लावू. आपल्या भागातील साध्या चालुक्य देवालयाची आकृती अशी होते :

बाहेर — मुखमंडप — सभामंडप — अंतराळ — गाभारा.

शून्यापासून चौथ्या पायरीपर्यंत एकच सरळ साखळी. वाड्याप्रमाणे येथे परसदार नाही. आत जाण्याची आणि बाहेर येण्याची वाट एकच. देवाकडे पाठ न करता मागे सरत येण्याची जी रीत आपण पाळतो, तिला या साखळीचा आधार आहे. या साखळीत अंतराळ ही सर्वांत लहान जागा, परंतु मोक्याची. गाभाऱ्यात जाणारे सर्व काही, नैवेद्य, दिवा, पुजारी, तेथूनच जाते. म्हणून द्वारशाखांचे उत्तमोत्तम कोरीव काम याच दारांवर झाले आहे.

आपल्याच जुन्या जिल्ह्यातील दुसरा प्रकार पाहू. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत बिदर जिल्ह्याचे विभाजन झाले. निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. त्यांपैकी निलंगा येथील नीळकंठेश्वराचे देवालय त्रिकूट आहे. एका मंडपाला तीन बाजूंनी तीन गाभारे, चौथ्या बाजूने प्रवेश. आकृती काढली तर मंडपाच्या ठिपक्यापासून चार रेषा निघतात, आणि तिन्ही गाभारे एकाच पायरीवर येतात. भाविक मंडपाच्या मध्यावर उभा राहिला की तिन्ही देव त्याच्यापासून सारख्याच अंतरावर असतात. पंथांतील समन्वयाविषयी ग्रंथांतून जे विवेचन आढळते, ते या स्थपतीने एका चौकोनी मंडपात करून ठेविले आहे.

साखळी आणि त्रिकूट या दोहोंतही प्रदक्षिणेचा मार्ग बहुधा भिंतीबाहेर असतो. आकृतीत तो देवालयाभोवतीच्या कड्यासारखा दिसतो. परंतु शिवालयात हे कडे पुरे होत नाही. गाभाऱ्यातील अभिषेकाचे तीर्थ प्रणालातून थेट बाहेर येते. ही सोमसूत्राची रेषा ओलांडावयाची नसते, म्हणून शिवाची प्रदक्षिणा अर्धी करून परत फिरावयाची असते. आपल्या आकृतीत माणसासाठी चौथ्या पायरीवर असलेला गाभारा पाण्यासाठी मात्र बाहेरच्या जगास लगत आहे. ज्यास गाभाऱ्यात जाता येत नाही, त्याच्यापर्यंत गाभारा तीर्थरूपाने येतो. हा अर्थ शिल्पकाराच्या मनात असो वा नसो, जोडणी तशी आहे खरी.

तुलनेसाठी आपल्याच मुलखातील दोन निराळ्या वास्तू पाहाव्यात. बिदर येथील महमूद गवानचा मदरसा १४७२ सालचा. मध्ये सुमारे शंभर फूट चौरस चौक, आणि त्याभोवती खोल्या व दालने. आकृतीत एका ठिपक्यापासून सर्व बाजूंना फांद्या फुटतात. गुरू, शिष्य, ग्रंथ, सर्वांची गाठ चौकात. १६९६ साली दारूच्या स्फोटाने या वास्तूचा दर्शनी भाग बराच नष्ट झाला, दोन मिनारांपैकी एक गेला. तरी उरलेल्या भागाच्या सममितीवरून गेलेला भाग कागदावर उभा करता येतो. कलबुर्गीच्या किल्ल्यातील १३६७ सालची जामा मशीद २१६ फूट बाय १७६ फूट असून तिला उघडा चौक नाही. सर्व जागा छताखाली. कमानींच्या ओळी दोन्ही दिशांनी जातात, आणि आकृती जाळ्यासारखी होते, कारण सामुदायिक नमाजात रांगेतील प्रत्येकाची जागा सारखी असते. साखळी, फांद्या आणि जाळे, या तीन आकृतींत तीन प्रकारच्या समूहांची ओळख आहे.

महाजन आणि जागेचा भार

या स्मरणिकेच्या वाचकांस महाजन या शब्दाचा इतिहास ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण तो जागेशी निगडित आहे. चालुक्यकालीन कन्नड शिलालेखांत अग्रहारांचे महाजन वारंवार भेटतात. दान देणारा राजा वा दंडनायक असे. दान हाती घेऊन त्याचा विनियोग पाहणारे महाजन असत. कलबुर्गी जिल्ह्यात चित्तापूरजवळ नागावी येथे १०५८ सालच्या शिलालेखात मोठ्या घटिकास्थानाची, म्हणजे विद्यापीठाची, माहिती आहे. वेद शिकणाऱ्या २०० विद्यार्थ्यांची व ग्रंथालय सांभाळणाऱ्या ६ सरस्वतीभांडारिकांची व्यवस्था त्यात लावून दिली आहे. तेथे साठ खांबांचे देवालय आजही त्याच नावाने ओळखले जाते. शिलालेख माणसांची संख्या सांगतो आणि आराखडा खांबांची संख्या सांगतो. दोन्ही समोर ठेवून वाचले तरच इतके विद्यार्थी बसत कोठे, ग्रंथ कोठे ठेवीत, पठणाचा आवाज पूजेत व्यत्यय आणीत असे काय, हे प्रश्न सुचतात. आणि देऊळ, पाठशाळा व ग्रामसभा एकाच प्राकारात कशा नांदत, याची कल्पना येते.

महाजन हा शब्द गोमंतकात कायद्यातही टिकून राहिला. पोर्तुगीज शासनाने १८८६ साली महाजनांच्या संस्थांसाठी नियम केले आणि १९३३ साली ते नव्याने केले. गोमंतकाचा अनुभव जागेविषयी आणखी एक धडा देतो. सोळाव्या शतकात धर्मच्छळामुळे तेथील देव सुरक्षित मुलखात न्यावे लागले. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली प्रियोळास आला. महाजन घराण्यांनी देव नेला, पूजा नेली, मानपान व उत्सव नेले. जागा मात्र नेता येत नाही. नव्या ठिकाणी जे प्राकार, दीपमाळा, तळी, अग्रशाळा व सभामंडप उभे राहिले, त्यांत जुन्या स्मृती आणि नव्या काळाची शैली यांचे मिश्रण झाले. वास्तूचा आराखडा घराण्याच्या चोपडीत असता तर केवढे काम झाले असते, हे अशा प्रसंगी कळते.

दार होते, वाट नव्हती

येथवरचे विवेचन वाचून कोणाचा समज होईल की ठिपके आणि रेषा काढल्या की देवालय कळले. तसे नाही. आकृतीत एक रेषा अशी असते की जी दगडात दिसते आणि व्यवहारात नसते.

पंढरपूरचे उदाहरण सर्व मराठी माणसांस ठाऊक आहे. महाद्वारी नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाच्या बांधकामावर असताना भिंत कोसळून गेले, असे परंपरा सांगते. भिंत बांधणारा तो संत देवालयाच्या आकृतीत शून्याच्या पायरीवर राहिला. महाद्वार दगडात होते, रुंद होते, उघडेही होते. त्याच्यासाठी आणि त्याच्या जातिबांधवांसाठी ती रेषा कित्येक शतके पुसलेली होती. १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा ही रेषा पुन्हा काढण्याचा मार्ग मोकळा झाला. एकही दगड हलला नाही, आणि तरीही देवालयाचा आराखडा बदलला.

हा प्रश्न कल्याणात त्याच्याही आधी उपस्थित झाला होता. बाराव्या शतकात बिज्जलाच्या राज्यात, मंगळवेढ्याहून आलेल्या बसवेश्वरांनी आणि त्यांच्या भोवतीच्या शरणांनी स्थावर आणि जंगम असा भेद केला, देहालाच देवालय मानले, आणि इष्टलिंग प्रत्येकाच्या तळहातावर दिले. आपल्या पद्धतीने बोलावयाचे तर त्यांनी चार पायऱ्यांची साखळीच आटोपती घेतली. भक्त आणि देव हे दोन ठिपके उरले, मध्ये कोणाचे दार राहिले नाही. नारायणपूर आणि जलसंगवी यांसारखी देवालये उभी करणारा काळ आणि देवालयाच्या दारांनाच प्रश्न विचारणारा काळ यांत फारसे अंतर नाही, आणि मुलूख तर एकच. राजेश्वरच्या महाजन घराण्यांना हे दोन्ही वारसे मिळाले आहेत. पहिला जतन करताना दुसऱ्याचे विस्मरण होऊ नये. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. देवस्थानाच्या आराखड्यातील प्रत्येक सार्वजनिक रेषा आता सर्वांची आहे. ती कागदावर जशी आहे तशी उत्सवाच्या दिवशी, पंक्तीच्या वेळी आणि पालखीच्या मार्गावर असते की नाही, हे पाहणे महाजनांचे कर्तव्य होय.

जीर्णोद्धारापूर्वी

शेवटी व्यवहाराचा मुद्दा. हल्ली गावोगाव जीर्णोद्धाराची कामे चालू आहेत. भक्तांची श्रद्धा मोठी आहे, निधीही जमतो. परंतु काम सुरू करण्यापूर्वी वास्तूचा आराखडा काढला जातो असे क्वचितच दिसते. फरशी जुनी झाली म्हणून तिच्यावरच नवी ग्रॅनाइटची फरशी बसवितात. जमीन सहा बोटे वर येते, उंबरठ्याची उंची तितकीच कमी होते, आणि प्रणालाचा उतार बिघडून तीर्थ मंडपाकडे परतू लागते. दर्शनाची रांग लवकर सरावी म्हणून बाजूच्या भिंतीत दार फोडतात. साखळीचे कडे होते, अंतराळाचे महत्त्व जाते, आणि भाविक देवासमोर थांबण्याऐवजी देवासमोरून निघून जातो. चौकावर पत्रे घालतात. सभामंडपात जो मंद प्रकाश चौकातून येत होता, तो बंद होऊन दिवसाही विजेचे दिवे लागतात. यांतील प्रत्येक बदलामागे सद्हेतू असतो, आणि काही बदल आवश्यकही असतात. वृद्धांसाठी उतरण केली तर ती एक नवी, चांगली रेषा होय. परंतु कोणती रेषा नवी काढली आणि कोणती पुसली, हे करणाऱ्याला आधी कळले पाहिजे. दगड पुन्हा घडविता येतो. पुसलेली जोडणी ज्यांच्या स्मरणात आहे ती माणसे गेल्यावर पुन्हा सांगणारे कोणी राहत नाही.

या प्रांताच्या वास्तूंची मोजमापे आधी परक्यांनी घेतली. बर्जेस यांचा बिदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील पुरावशेषांवरील अहवाल १८७८ साली प्रसिद्ध झाला. पुढे हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी यांचा बिदरवरील सविस्तर ग्रंथ १९४७ साली निघाला. कानडी जिल्ह्यांतील चालुक्य वास्तूंवरील कझिन्स यांचा ग्रंथ १९२६ सालचा. या ग्रंथांतील आराखडे अमोल आहेत. परंतु त्यांत राजधानीच्या आणि प्रसिद्ध वास्तू आल्या. गावोगावची लहान देवळे गावकऱ्यांसाठीच राहिली. त्यांचे मोजमाप घेणे हे काम आपले आहे, आणि ते अवघड नाही. मोजफीत, दोरी, ओळंबा आणि चौकटीचा कागद एवढी सामग्री पुरे. शाळेतील मुलांना सोबत घ्यावे. प्रथम भिंतींचा आराखडा काढावा. मग ठिपके व रेषांची आकृती काढावी. त्यावर पुढील गोष्टी नोंदवाव्यात : प्रत्येक दार केव्हापासूनचे, कोणते बुजविले, कोणते फोडले, पालखी कोणत्या मार्गाने निघते व कोठे थांबते, कीर्तनाच्या वेळी श्रोते कोठे बसतात, स्त्रियांची, पुरुषांची व मानकऱ्यांची जागा पूर्वी कोठे होती आणि आता कोठे आहे, तीर्थाचे पाणी कोठे जाते. वृद्धांना विचारून, वर्ष घालून, ही चोपडी देवस्थानच्या दप्तरात ठेवावी, आणि एक प्रत प्रत्येक महाजन घराण्यात असावी. दर बारा वर्षांनी ती पुन्हा तपासावी.

चालुक्यांच्या काळी महाजनांच्या हाती राजे जमीन सोपवीत, कारण ते ती पुढच्या पिढीस जशीच्या तशी देतील असा भरवसा होता. आज आपल्या हाती बहुतेक ठिकाणी जमिनी उरलेल्या नाहीत. गाभाऱ्यातील काळोख, मंडपातील सावली, उंबरठ्यापाशी आपोआप मंदावणारी पावले, आणि सर्वांसाठी उघडे असलेले महाद्वार, एवढे धन आपल्याकडे सोपविलेले आहे. त्याचा हिशोब लिहून ठेवण्याची बुद्धी श्रीचरणांच्या कृपेने सर्व महाजन बंधुभगिनींस होवो, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करितो.